संगणकाची खोली आणि शिकवणाऱ्यांचं शिकणं

आपल्या शाळेत संगणक कधी आले हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. कार्यालयातल्या मामांनी डेड स्टॉक रजिस्टरचे तीन खंड कपाटातून काढून दिले. त्यात सगळं होतं. यंत्राचं नाव, नग, तारीख, किंमत, आणि बऱ्याच ओळींच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईनं ‘निर्लेखित’. पण संपादक मंडळानं मला ‘शाळेतल्या संगणक शिक्षणाचा इतिहास’ लिहायला सांगितलं आहे, आणि भंगारात गेलेल्या यंत्रांची यादी म्हणजे काही तो इतिहास नव्हे. आपल्याला शिकवणाऱ्यांना कोणी शिकवलं, किती दिवस शिकवलं, आणि तेवढ्यावर त्यांनी आपल्याला कसं शिकवलं, हे मला हवं होतं. ते रजिस्टरमध्ये नाही. मस्टरवरही नाही, कारण पहिलं प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं आणि सुट्टीत मस्टर बंद असतो.

मी १९८८ची दहावी ‘ब’. गेली पंचवीसहून जास्त वर्षं पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवते, आणि त्यातली काही वर्षं इतर शिक्षकांच्या प्रशिक्षणांना साधनव्यक्ती म्हणून जाते. तेव्हा हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे, आणि मला त्यात मतं आहेत. ती खाली अधूनमधून डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात १९८४ची. त्या वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांना सोबत घेऊन ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’ या नावाची ती आद्याक्षरं. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांपासून सुरुवात झाली. आपल्या शाळेला ज्युनिअर कॉलेज जोडलेलं होतं, म्हणून आपलं नाव यादीत आलं असावं. यंत्र होतं बीबीसी मायक्रो, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बनवलेलं. मेमरी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक बऱ्यापैकी फोटो साठवायला असे शंभर बीबीसी मायक्रो लागतील. आपल्याकडे दोन आले. चित्रकलेच्या वर्गाशेजारची खोली रिकामी केली, खिडक्यांना पडदे लागले, आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. देवळात आणि संगणकाच्या खोलीत, अशा दोनच ठिकाणी आपण चपला काढत होतो.

या यंत्राच्या नावात बीबीसी का, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कोणी विचारला नव्हता. उत्तर आपल्या विषयाशी जवळचं आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीनं लोकांना संगणकसाक्षर करायची मोहीम आखली आणि तिच्यासाठी हे यंत्र बनवून घेतलं. जानेवारी १९८२पासून दहा भागांची दूरदर्शन मालिका दाखवली, पुस्तकं काढली. शिक्षकांसाठी तिथल्या सरकारचा वेगळा कार्यक्रम होता, चौदा विभागीय केंद्रांचा. म्हणजे यंत्र हा त्या मोहिमेचा एक भाग होता. आपल्याकडे जहाजातून उतरलं ते मुख्यतः यंत्र. सोबतची सॉफ्टवेअरही ब्रिटिश अभ्यासक्रमासाठी केलेली आणि इंग्रजीत. बाकीच्या मोहिमेच्या जागी शिक्षकांचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण.

त्या तीन आठवड्यांचा माझ्याकडे आता लेखी पुरावा आहे. आपले गणिताचे सर आज ऐंशी ओलांडून गेलेत. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक दोनशे पानी वही काढली, खाकी कव्हर घातलेली. “ही ने, पण परत आण. तुम्हा लोकांच्या गृहपाठाच्या वह्या मी परत करत होतो,” असं बजावून दिली. मे १९८५, पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, अठरा दिवस, रोज दहा ते पाच. जेवणाची सुट्टी वजा केली तर एकशे आठ तास. पहिल्या आठवड्यात संगणकाचे भाग आणि द्विमान पद्धती. दुसऱ्या आठवड्यात बेसिक भाषा. तिसऱ्यात टेपवरून प्रोग्राम कसे चढवायचे, डिस्क कशी हाताळायची, यंत्र अडकलं तर काय करायचं. ‘ब्रेक’ची कळ चुकून दाबली गेली आणि प्रोग्राम गेला असं वाटलं, तर घाबरू नये, ‘ओल्ड’ असं टाइप करावं, तो परत येतो. ही सूचना सरांनी दोनदा अधोरेखित केली आहे. शिकवणारे प्राध्यापक हुशार होते आणि मनापासून शिकवत होते, असं सर सांगतात. वहीवरूनही ते दिसतं.

पण वहीचा समास बघा. तिथे सरांनी पेन्सिलीनं स्वतःचे प्रश्न लिहिलेत. ‘४८ मुलं, २ यंत्रं. कसं?’ ‘इंग्रजी शब्द आधी की यंत्र आधी?’ ‘परीक्षा नाही, तर मुलं गंभीरपणे घेतील का?’ ‘चुकलेला प्रोग्राम तपासायचा कसा, उत्तर बघून की ओळ बघून?’ अठरा दिवसांत असे चौतीस प्रश्न आहेत. उजव्या बाजूच्या नोंदींत त्यांतल्या एकाचंही उत्तर नाही. कोणी मुद्दाम टाळलं असं नव्हे. इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना यंत्र येत होतं. ते अठ्ठेचाळीस चौदा वर्षांच्या मुलांना शिकवणं हे वेगळं ज्ञान आहे, असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. योगायोग असा की १९८६ साली, म्हणजे सर परत आल्यावर वर्षभरात, ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं नेमकी हीच गोष्ट मांडली. विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या मधे तिसरं एक ज्ञान असतं. या विषयात मुलं कुठे अडखळतात, कोणता दाखला उपयोगी पडतो, हे जाणणारं. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणावरचं कुठलंही गंभीर बोलणं शुलमनच्या त्या मुद्द्यापर्यंत जातंच. सरांच्या समासात तो पेन्सिलीनं आधीच आला होता.

आता भौतिकशास्त्राच्या बाईंबद्दल. प्रशिक्षणासाठी त्यांचंही नाव गेलं होतं. तीन आठवडे निवासी, घरी दहा महिन्यांचं मूल. नाव परत घेतलं गेलं. हे शिक्षिकांच्या बाबतीत इतक्यांदा झालेलं मी पाहिलंय की निवासी प्रशिक्षणाचं परिपत्रक आलं की मी आधी कोण येऊ शकणार नाही त्यांची यादी करते. बाईंनी त्यावर वेगळाच उपाय काढला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या आणि सर संगणकाच्या खोलीत बसायचे, दोन अडीच तास. सर वहीतलं सांगायचे, बाई प्रश्न विचारायच्या. हे १९८५च्या जूनपासून जवळजवळ दोन वर्षं चाललं. मामा सांगतात, “खोलीची किल्ली द्यायला मी थांबायचो, आणि दोघं भांडायचे.” भांडण कशावरून, तर प्रोग्रामवरून.

त्यातलं एक भांडण सरांना अजून आठवतं. बेसिकमध्ये ‘ए बरोबर ए अधिक एक’ असं लिहितात. गणित शिकलेल्या मुलाच्या दृष्टीनं ही ओळ सरळ खोटी आहे. दोन्हीकडून ए वजा केला तर शून्य बरोबर एक उरतं! आपल्या वर्गात हुशार मुलांनीच यावर आधी हरकत घेतली होती. कोणी घेतली ते त्यांना आठवत असेल, आज त्यांतले एक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. सर गणिताचे, त्यामुळे त्यांनाही ती ओळ टोचत होती. “यंत्राची भाषा तशी आहे, मान्य करा,” असं ते सांगत. बाईंचं म्हणणं होतं की मान्य करायला लावायचं असेल तर मग शिकवायचं कशाला. बाईंनी खडूची रिकामी खोकी आणली. प्रत्येकावर एक अक्षर. खोक्यात एका वेळी एकच चिठ्ठी. ‘बरोबर’ हा शब्द वर्गात बंद. त्याऐवजी ‘मध्ये ठेव’. आधी उजवीकडचं काम करायचं: ए नावाच्या खोक्यात बघ, जे आहे त्यात एक मिळव, नव्या कागदावर लिही. मग ते ए मध्ये ठेव; जुनी चिठ्ठी फाडून टाक. एक मुलगी जाऊन खोकं उघडायची, एक मुलगा हिशेब करायचा, तिसरा चिठ्ठी फाडायचा. चिठ्ठी फाडायचं काम मिळावं म्हणून आपण भांडायचो ते हेच. तो खेळ नव्हता. आपण अठ्ठेचाळीसजण मिळून एक संगणक होतो, आणि त्यामुळे यंत्रं दोनच असल्याचं फार बिघडत नव्हतं.

पुढे नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे असे खेळ गोळा करून ‘सीएस अनप्लग्ड’ नावानं प्रसिद्ध केले. ते जगभर गेले. मी स्वतः ते पहिल्यांदा एका कार्यशाळेत पाहिले तेव्हा मला नवल वाटलं नाही; खोकी आठवली. बाईंचं काम मोठं होतं की बेल यांचं, अशी तुलना मला करायची नाही. बेल यांनी ते लिहून काढलं, शिक्षकांच्या हातात दिलं आणि शिक्षकांकडून सुधारत नेलं. बाईंची खोकी मात्र एका खोलीत राहिली, कारण तालुक्याच्या पलीकडे तर सोडाच, पलीकडच्या गल्लीतल्या शाळेतही त्यांच्याशी या विषयावर बोलणारं कोणी नव्हतं. ‘क्लास’ प्रकल्पात शिक्षक वर्षभरानं पुन्हा एकत्र यावेत, काय जमलं काय नाही ते एकमेकांना सांगावं, असं आपल्या सरांच्या वाट्याला कधी आलं नाही. १९८५ ते निवृत्ती, म्हणजे २००१, या सोळा वर्षांत सरांचं संगणकाचं प्रशिक्षण ते एकशे आठ तासच.

नव्वदचं दशक मी पटकन ओलांडते. दोनपैकी एक यंत्र १९९१मध्ये बंद पडलं, सुटे भाग मिळाले नाहीत, दुसरंही मागोमाग गेलं. गावात खाजगी क्लासेसच्या पाट्या लागल्या. शाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेले दोन पीसी आले आणि एकावर कार्यालयाची पगारपत्रकं होऊ लागली.

मग आली एमएस-सीआयटी. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही! सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला आणि गल्लोगल्ली केंद्रं उघडली. आपल्या शाळेतले बहुतेक शिक्षक त्यात बसले. भौतिकशास्त्राच्या बाईही बसल्या, वयाच्या पन्नाशीला आलेल्या, आणि त्यांच्याच नववीतला एक मुलगा शेजारच्या संगणकावर. त्यानं परीक्षेनंतर, “बाई, तुम्हाला किती?” असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, “तुझ्यापेक्षा दोन जास्त. आणि मला वेळ घरकामातून काढावा लागला.” एमएस-सीआयटीला नावं ठेवण्याची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. माऊस हातात धरायला घाबरणाऱ्या लाखो मराठी माणसांची भीती तिनं मोडली. पण ती नागरिकांसाठी होती. पत्र कसं टाइप करायचं हे शिक्षकाला आलं, म्हणजे संगणक कसा शिकवायचा हे आलं, असं धरून चालण्याची सवय मात्र तेव्हापासून आपल्या व्यवस्थेला लागली. प्रमाणपत्र आहे ना, मग शिकवा.

त्याच सुमारास ‘इंटेल टीच’ भारतात आलं होतं, २०००मध्ये. मी ते प्रशिक्षण केलंय. त्यात तुमचाच एक पाठ घेऊन या म्हणत, आणि सगळे दिवस त्याच पाठावर काम करायला लावत. मुलं काय करतील, काय विचारतील, काम कसं तपासाल. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला कोणीतरी सरांच्या समासातले प्रश्न विचारत होतं.

आपल्या शाळेच्या इतिहासातलं पुढचं प्रकरण दुखरं आहे. डिसेंबर २००४मध्ये केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना सुरू झाली, आणि महाराष्ट्रानं ती पुढे ‘बूट’ तत्त्वावर राबवली. म्हणजे कंपनीनं संगणक बसवायचे, पाच वर्षं चालवायचे आणि मग शाळेला हस्तांतरित करायचे. संगणकाबरोबर शिक्षकही कंपनीचाच. आपल्याकडे २००८मध्ये नवी लॅब झाली, आणि तिच्यासोबत संगणकाच्या मॅडम आल्या. चोवीस वर्षांच्या, बीएस्सी, बसनं रोज बावीस किलोमीटर यायच्या. कंपनीनं त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं; त्यातला एक दिवस हजेरीचे फॉर्म कसे भरायचे यावर गेला. पगार तुटपुंजा, तोही तीन तीन महिन्यांनी. तरी मुलं त्यांच्या तासाची वाट बघायची, हे नंतरच्या बॅचवाले सांगतील. पहिली तीन वर्षं त्या चाचपडल्या. चौथ्या वर्षी त्यांचा हात बसला. कुठलाही शिक्षक असाच घडतो, वर्षांनी. पाचव्या वर्षी करार संपला. यंत्रं हस्तांतरित झाली, मॅडम झाल्या नाहीत. दहा संगणकांची नोंद डेड स्टॉकला झाली, आणि ते संगणक चालवायला शिकलेला माणूस बसस्टँडवरून कायमचा परत गेला. दरम्यान शाळेतल्या कायम शिक्षकांना त्या पाच वर्षांत कोणी संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं, कारण संगणक म्हणजे मॅडम. लॅबला कुलूप लागलं. अशीच कुलपं महाराष्ट्रात कितीतरी शाळांना लागली.

दुसरी वाट नव्हती असं नाही. केरळनं २००१मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केला. तिथे मास्टर ट्रेनर म्हणून सरकारी शाळांतलेच शिक्षक निवडले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवलं, प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयाचं काम दिलं. मुक्त सॉफ्टवेअर वापरलं, त्यामुळे शिक्षक ते उघडून बदलूही शकत होते. शिकलेली माणसं शाळेतच राहिली. यंत्रं जुनी होऊन गेली तरी ज्ञान उठून गेलं नाही. २०१७मध्ये त्याचंच ‘काइट’ झालं, आणि पुढच्या वर्षी मुलांचे ‘लिटल काइट्स’ क्लब निघाले.

आणि ज्या देशातून आपले बीबीसी मायक्रो आले होते, तिथे काय झालं? गंमत म्हणजे तिथेही नव्वदनंतर शाळेतला संगणक म्हणजे टायपिंग आणि तक्ते असंच होऊन बसलं. जानेवारी २०१२मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालानं त्यावर कडक टीका केली. सप्टेंबर २०१४पासून इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांपासून ‘कम्प्युटिंग’ हा नवा विषय आला. कालपर्यंत वर्ड आणि एक्सेल शिकवणाऱ्या शिक्षकांना उद्यापासून अल्गोरिदम शिकवायचे होते. त्यांना सावरलं ते आधी त्यांच्यातल्याच एका संघटनेनं. २००८मध्ये सायमन पेटन जोन्स या संगणकशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं, काही शिक्षकांना सोबत घेऊन ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ उभी राहिली होती. गावोगावी शिक्षकांचे छोटे गट, महिन्या दोन महिन्यांनी भेटणारे, एकमेकांना पाठ देणारे. सरकारचा मोठा पैसा नंतर आला. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये ८.४ कोटी पौंड जाहीर झाले, आठ हजार माध्यमिक शिक्षकांना तयार करण्यासाठी, आणि २०१८मध्ये राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. यंत्रांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. नवा विषय वर्गात पोहोचल्यावर चार वर्षांनी का होईना.

आपल्याकडेही आता हालचाल आहे. एसीएम इंडियानं २०१६मध्ये सीएसपाठशाळा सुरू केली. संगणकीय विचार यंत्राविनाही शिकवता येतो असं ती मानते आणि शिक्षकांसाठी पाठ तयार करते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावीपासून कोडिंग सुचवलं, आणि प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असंही म्हटलं. पन्नास तास. म्हणजे सरांना सोळा वर्षांत जेवढे मिळाले, तेवढे आज दोन वर्षांत. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. पण हे तास रात्री साडेदहाला, पोळ्या उरकल्यावर, मोबाइलवर व्हिडिओ पुढे पळवत भरले जातात, हे मी माझ्या सहकाऱ्यांत रोज पाहते. त्या कोर्समध्ये भांडायला शेजारी कोणी नसतं.

आता जरा आपल्या घरचं. बॅचच्या निधीतून शाळेला वीस नवे संगणक द्यायचे असं व्हॉट्सॲप ग्रुपवर जवळपास ठरत आलंय. देऊया. पण माझी सूचना आहे की पंधरा द्यावेत आणि पाचांचे पैसे बाजूला ठेवावेत. सध्या शाळेत संगणक शिकवतात त्या विज्ञानाच्या शिक्षिका. तीन इयत्तांचं विज्ञान सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर, यूट्यूबवरून शिकून. मी त्यांना फोन करून काय हवं ते विचारलं. त्यांनी एकही यंत्र मागितलं नाही. महिन्यातून एका शनिवारी गावातल्या आणि आसपासच्या सहा सात शाळांचे संगणक शिकवणारे शिक्षक आपल्या लॅबमध्ये जमावेत, एवढंच. त्यासाठी लांबून येणाऱ्यांचं एसटीचं भाडं, चहा, आणि वर्षातून आठ दहा दिवस त्यांना बाहेर शिकायला जाता यावं म्हणून त्या दिवसांपुरतं बदली शिक्षकाचं मानधन. मुख्याध्यापकांची तोंडी संमती आहे. हिशेब मी मांडला आहे, तीन वर्षांना पुरेल. ग्रुपवर टाकते, मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी पंधरा मिनिटं यावर बोलावं अशी विनंती.

सरांची वही स्कॅन करून घेतली आहे, ज्यांना हवी त्यांना पाठवीन. मूळ वही त्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर असेल. समास जरूर वाचा. आणि कृपा करून कोणी ती घरी नेऊ नका, सरांना परत द्यायची आहे.